भावोजींनी पास केलेली गाडी

गाडी मला हवी होती, चालवणार मी होते, आणि तरीही ती बघायला निघताना मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं. पुढे नवरा आणि माझे धाकटे दीर. भावोजी खांब गावाहून मुद्दाम त्यासाठी आले होते, मित्राची जीप घेऊन, अंगात लग्नकार्याचा शर्ट घालून. त्यांच्या शेतात भात आणि वाल होतो, दारात ट्रॅक्टर उभा आहे, आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला इंजिनातलं सगळं कळतं असा आमच्या घरात कायदा आहे. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि एक नारळ. सौदा ठरला की जागच्या जागी फोडायला. गाडी अजून कुणी डोळ्यांनी बघितली नव्हती आणि नारळ सोलून तयार होता, यावरून आमच्याकडची कामाची पद्धत समजून घ्यावी.

मी रक्त काढते. असं सांगितलं की नवा माणूस जरा मागे सरकतो, पण काम साधं आहे. सकाळी माणसं उपाशीपोटी येतात, हात पुढे करतात, मी शीर शोधते, सुई घालते, नळी भरते आणि कापूस दाबून धरा म्हणते. ते धरत नाहीत. पेणच्या लॅबमध्ये हे मी इतकी वर्षं केलं की बाजारात कुणी हाक मारली तर मला चेहरा आठवत नाही. हात दाखवला की ओळख पटते. मग मालकांनी पेणची लॅब बंद केली आणि सगळा बाडबिस्तरा रोह्याला हलवला, कारण तिथे कंपन्या आहेत आणि कंपन्यांतल्या कामगारांच्या तपासण्या आहेत. मला म्हणाले, "मॅडम, तुमची जागा कुठे जात नाही. फक्त सकाळी साडेसहाला हजर पाहिजे."

फक्त! पेणहून रोह्याला. रेल्वे माझ्या वेळेला नव्हती आणि एसटी तिच्या स्वतःच्या वेळेलाही नव्हती. मी सगळं करून बघितलं. वडखळपर्यंत रिक्षा, मग नागोठण्यापर्यंत जे मिळेल ते, मग पुढे कुणाच्या तरी टमटममध्ये दुधाच्या कॅनशेजारी. कधी सरळ रेल्वेने जायचे आणि उशिरा पोचायचे, तोवर निम्मे उपाशी पेशंट वैतागून चहा पिऊन मोकळे झालेले असायचे. चहा प्यायला की तपासणी गेली. स्कूटरवर एकदाच गेले. नागोठण्यानंतरच्या खिंडीत समोरून आलेल्या ट्रकने माझ्यावर एवढा चिखल उडवला की लॅबच्या दारातल्या म्हातारीने मला शेतातून आलेली पेशंट समजून रांगेत उभं केलं. महिना निम्मा सरला तेव्हा मालकांनी गोड आवाजात सांगितलं की येत्या एक तारखेपासून वेळेवर जमणार असेल तर आनंदच आहे, नाहीतर रोह्यातलीच एक मुलगी तयार आहे.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग सोड ना. आता कशाला एवढी धावपळ? मुलगी मार्गाला लागली, घर झालं."

हे तो अगदी मायेने म्हणाला, आणि मायेने म्हणाला म्हणूनच मला जास्त राग आला. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाला पत्ता नव्हता की मला हे काम आवडतं. दुसऱ्या कुणाला सापडत नाही ती शीर मला सापडते, तेव्हा मला आतून फार बरं वाटतं. ते सोडून मी घरी बसून काय शोधू, उशीचे अभ्रे? तिथल्या तिथे मी सांगून टाकलं की मी गाडी घेणार, जुनी, लहान, मला झेपेल अशी, आणि ती चालवत रोह्याला जाणार. लायसन्स होतं. सरावही होता, कारण माहेर खारेपाटातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं, आणि तिथे गेले की मी भावाची गाडी बांधावरच्या रस्त्यावर चालवायचे. बांधाच्या दोन्ही बाजूंना चिखल असतो, त्यामुळे स्टिअरिंग सरळ धरायला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

"बघू या," नवरा म्हणाला आणि त्याने भावाला फोन लावला.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही गाड्या बघत होतो. हायवेवरच्या एका विक्रेत्याकडे ओळीने गाड्या लावल्या होत्या आणि जिला हात लावावा ती डॉक्टरांची निघत होती. डॉक्टरांनी वापरलेली, डॉक्टरांनी जपलेली, डॉक्टर फक्त रविवारी काढायचे. पेण तालुक्यात खरोखर इतके डॉक्टर असते तर माझी लॅब बंद पडलीच नसती. एका गाडीच्या क्लचच्या पेडलचं रबर पार झिजून लोखंड चमकत होतं आणि मीटरवर मात्र ती जेमतेम अलिबागला जाऊन आल्याइतके किलोमीटर. मी ते भावोजींना दाखवलं. ते म्हणाले, "वयनी, काही लोकांचा पायच जड असतो."

पेणमध्येच एक गणपतीच्या कारखान्यातली गाडी बघितली. दिसायला बरी होती. भावोजींनी ऐटीत आत बसून एसी लावला आणि आतून सोनेरी चमकीचा फवारा आला. रंगकामाच्या सामानाची ने-आण करून करून ती चमकी गाडीच्या नाकाकानात गेली होती. भावोजींच्या मिशा दिवसभर नाटकातल्या राजासारख्या चमचमत होत्या आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या गाडीचा विषय त्यांनी स्वतःच आरशात बघितल्यावर संपवला.

आणि मग ही तिसरी. वडखळच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, माझ्या माहेरापासून फार लांब नसलेल्या एका गावात. मालक मिठागरावर मुकादम होते, आता घरीच असतात. उंच माणूस, दाराच्या चौकटीतून वाकूनच बाहेर यायचा. नजर कमी झाली म्हणून मुलाने त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, आणि उभी ठेवून कुजवण्यापेक्षा विकू या असं ठरलं होतं. एकच मालक, एकच हात. अंगणात आंब्याखाली ती उभी होती, छोटीशी, चंदेरी, आणि इतकी लखलखीत की भावोजी चप्पल काढून तिच्याकडे जातात की काय असं वाटलं.

पुरुष गाडी तपासतात ते बघण्यासारखं असतं. आधी टायरला लाथ. लाथ मारून काय कळतं हे मी दोघांनाही विचारलं आहे, दोघांनीही उत्तर दिलेलं नाही. मग बॉनेट उघडलं. ते उघडलं की दोघांनी हात मागे बांधले आणि आत बघत गंभीर झाले, जसे डॉक्टरांनी काही न सांगता बाहेर पाठवलेले नातेवाईक होतात. मग भावोजींनी ऑइलची कांडी ओढून बाहेर काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि माझ्या नवऱ्याच्या नाकाखाली धरलं. त्यानेही घेतला. दोघांनी मान हलवली. इंजिन सुरू झाल्यावर भावोजी डोळे मिटून ऐकत राहिले. "टायमिंग बघ, दादा. शिलाई मशीन हाय नुसती." मग त्यांनी धुराच्या नळीपुढे तळवा धरला, काळा झाला नाही म्हणून नवऱ्याला दाखवला, मागच्या बंपरवर चढून दोनदा उड्या मारल्या, हॉर्न वाजवला, आणखी एकदा वाजवला, आणि शेवटी दोघं गाडी घेऊन बांधाच्या रस्त्याने चक्कर मारायला गेले. मी अंगणात नारळ घेऊन उभी. मला वाटलं, ते आले की माझी पाळी.

मुकादमांची बायको बाहेर आली. माझं माहेर विचारलं, गाव कळल्यावर ती आपल्या बोलीवर आली आणि मीही आले. माझी माहेरची बोली सासरी येऊन बरीच घासली गेली आहे. आमच्या सासरी भाताच्या आणि वालाच्या राज्यात खारेपाटातल्या माणसाला जरा खारटच समजतात. पण पाच मिनिटं कुणी बोललं की ती आतून वर येते.

"गारी लय जपली गो यांनी," काकी म्हणाली. "रोज सकाली आंगोल घालतान तिला. माझ्याकडं कंदी इतका ध्यान दिला नाय."

मी हसले. मग हसू थांबलं. "पानी कंचा, काकी?"

"बोरिंगचा. नलाचा पानी पियालाच पुरत नाय."

मी वळून अंगण बघितलं. ते आधी बघायला हवं होतं, पण मीही त्या लखलखाटाला भुललेच होते. बोरिंगशेजारची लोखंडी बादली कडेला खाऊन नक्षीदार झाली होती. फाटकाचा खालचा हातभर भाग नव्हताच. गाडी धुवायच्या जागी सिमेंटवर पांढऱ्या रेषा, एकात एक, जसं जसं पाणी सुकत गेलं तशा. आमच्या गावात लोखंडाला पाणी दाखवत नसत. माझे वडील सायकल तेलाच्या बोळ्याने पुसायचे, आणि पावसात भिजली तर आधी सायकल पुसायचे आणि मग स्वतःला. खारेपाटातला कुठलाही माणूस कोयता बोरिंगच्या पाण्याने धुवून ठेवणार नाही. मुकादमांनीही कधी ठेवला नसता. पण गाडी म्हणजे त्यांच्या लेखी कोयता नव्हता. घरात आलेली लक्ष्मी होती, आणि लक्ष्मीला कुणी तेलकट बोळ्याने पुसतं का? तिला आंघोळच घालायची. पत्रा म्हणजेही लोखंडच, हे त्या प्रेमात त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तेवढ्यात गाडी परत आली. भावोजी उतरले ते हात पुढे करूनच. "पास," ते म्हणाले. "वयनी, नारल द्या."

मी नारळ दिला नाही. म्हटलं, "मी जरा बसून बघते."

यावर दोघंही वळून माझ्याकडे बघायला लागले. जणू वरातीत घोड्याने मत मांडलं. मग नवरा म्हणाला, "हां हां, बस की," आणि दार उघडून धरलं. मी बसले. मुकादम सहा फुटांचे, सीट त्यांच्या मापाने मागे. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. अंगठ्याचं टोक जेमतेम लागत होतं. मी खालचा दांडा वर ओढून सीट पुढे घ्यायला गेले. हलली नाही. भावोजींनी मागून रेटली. नवऱ्याने पुढून ओढली. दोघांनी मिळून एक दोन तीन म्हणत जोर लावला आणि गाडीच पुढे सरकली, सीट तिथेच. ती ज्या पट्टीवर सरकते ती गंजून एकजीव झाली होती. मुकादम म्हणाले, "आतनंपन धुतो ना मी, अठवड्यानं एकदा. मग्यानं."

नवऱ्याने हात झटकले. "असू दे गं. मला बरोबर होते सीट."

"तुम्हाला?"

"मग? चालवणार मीच ना. तुला काय रोज खिंडीतून एकटीला सोडणार का मी? सोडीन मी सकाळी, मला जमेल तसं. आठवड्यातून दोनतीन दिवस तरी जमवीनच."

आवाजात कुठेही खोट नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की तो माझ्यासाठी मोठं काहीतरी करतोय. मी त्या न हलणाऱ्या सीटवर बसून होते, पाय अधांतरी, आणि मला कळत होतं की दोन रविवार आम्ही माझी गाडी बघतच नव्हतो. आम्ही त्याची गाडी बघत होतो. माझी नोकरी त्याला जमेल तशी, आठवड्यातून दोनतीन दिवस. रोह्यातली ती मुलगी रोज येणार होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं. तिथे सगळ्यांसमोर भांडायची सोय नव्हती, म्हणून मी खाली उतरले आणि पायाखालची चटई उचलली.

खाली पत्र्याचे पापुद्रे सुटले होते, भाजलेल्या पापडासारखे. मी बाहेरून दाराखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. वरून रंग गुळगुळीत, पण एका जागी फुगवटा. माझं कामच हे आहे. वरून कातडी कशीही दिसू दे, बोटाला आतलं कळतं. मी केसांतली पिन काढली आणि त्या फुगवट्यात दाबली. पिन आत गेली. नुसती टोचली नाही, गेली, अर्धी, शिळ्या ढोकळ्यात जावी तशी. तशीच ठेवून मी बाजूला झाले.

भावोजींनी वाकून बघितलं. नवऱ्याने वाकून बघितलं. टायरला लाथ मारायला कुणी पुढे झालं नाही.

"ता काय झाला?" मुकादमांनी विचारलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बोट त्या पिनेवर ठेवलं आणि आमच्या बोलीत सांगितलं की काका, बोरिंगचं पाणी खारं आहे, पत्रा आतून खाल्ला गेलाय. त्यांनी बोट फिरवलं. पुढेही फिरवलं, दारापासून चाकापर्यंत. आणखी दोन ठिकाणी त्यांच्या बोटाखाली पत्रा दबला. मिठागरावर जन्म काढलेला माणूस. त्याला मीठ काय करतं हे मी सांगायची गरज नव्हती.

"मंग मीच खाल्ली म्हनायची तिला," ते म्हणाले. "रोज सकाली."

मला फार वाईट वाटलं. मघापासून मला कुणाचं तरी नाक ठेचायचं होतं, पण ते या माणसाचं नव्हतं. काकीने पाण्याचा तांब्या आणला, सगळ्यांना दिला, आणि मुकादमांच्या हातात देताना म्हणाली, "बसा जरा सावलीत. तुमी काय वाईट केलांव का? कोनी सांगितला असता तं ऐकला नसता का?" मुकादम आंब्याखाली गाडीला पाठ टेकून बसले. आम्ही निघालो तेव्हाही तसेच बसले होते.

परतताना जीपमध्ये भावोजी रुसले होते. "मी पास बोललो होतो," ते पुनःपुन्हा म्हणत होते. "आता तो मानूस काय म्हनेल?" नवरा म्हणाला, थोडा पत्रा मारून घेतला असता तर चाललं असतं. मी मागे बसून त्याला सांगितलं की पत्रा मारा नाहीतर सोन्याचा मुलामा द्या, सीट पुढे येत नाही ती गाडी माझी नाही, आणि मला आठवड्यातून जमेल तशी नोकरी करायची नाही. रोज जायचंय आणि माझी मी जायचंय. नारळाचं मी घरी जाऊन वालाच्या बिरड्यात वाटण घातलं आणि भावोजींनी ते मागून मागून खाल्लं, त्यामुळे रुसवा फार टिकला नाही.

मला मात्र झोप नव्हती. महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. नवरा विषय काढायचा नाही, मीही नाही, आणि न काढलेला विषय आमच्या दोघांच्या मध्ये ताटावर बसलेला असायचा. एकदा तर मी मनातल्या मनात राजीनामा लिहूनही बघितला. दोन ओळींत संपला, तेव्हा जास्तच रडू आलं.

गाडी शेवटी सुईच्या टोकावर सापडली. रोह्याला कंपन्यांतल्या कामगारांना डबे पुरवणारी एक बाई साखर तपासायला आली होती. ठेंगणी, गोल, दंड असा की शीर शोधायला मलाही दोनदा दाबून बघावं लागलं. सुई आत असताना माणसं एकतर गप्प होतात नाहीतर बोलतच सुटतात. ही बोलत सुटली. डबे वाढलेत, आता टेम्पो घेतलाय, जुनी छोटी गाडी दारात पडून आहे, नवरा म्हणतो भंगारात दे, पण भंगारात द्यायला ती काय बिघडलेली आहे का? मी तिला कापूस दाबून धरायला लावला आणि तिने तो सोडायच्या आत विचारलं, "बघू का?"

दुपारी एकटीच गेले. गाडी लाल होती. निदान एके काळी असावी. डावी बाजू पुढून मागेपर्यंत चेपलेली. बाईने मला हाताला धरून फिरवलं आणि प्रत्येक पोचा कुठे आला ते सांगितलं: हा कंपनीच्या गेटचा, हा म्हशीचा, हा भावजयीच्या घराच्या कोपऱ्याचा आणि हा पण तिच्याच घराचा, कारण घर बांधलंयच मुळी रस्त्यात. आत फोडणीचा वास. सीटवर हळदीचे डाग. मागचं एक दार आतून उघडत नव्हतं. भावोजींनी हिला लाथ मारायच्याही लायकीची मानली नसती. मी चटया उचलल्या. पिन काढली आणि दाराखाली, चाकांच्या वर, जिथे जिथे बोटाला शंका आली तिथे दाबली. वाकडी झाली, आत गेली नाही. तिथल्याच एका गॅरेजवाल्याला खड्ड्यावर घेऊन खालून बघायला लावलं. त्याने ब्रेकचं किरकोळ काम तिथल्या तिथे करून दिलं आणि बाकी ठीक म्हणाला.

मग मी चालवायला बसले. हात आपोआप सीटखालच्या दांड्याकडे गेला, पण ओढायची गरज पडली नाही. पाय क्लचवर होता. नीट, अख्खा. बाई माझ्याएवढीच होती. शेजारी बसून तिने पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चला, खिंडीपर्यंत नेऊन आणा, तिथेच कळेल." चढावर मी दुसरा गियर टाकायला उशीर केला, गाडीने आचके दिले, आणि बाई खिडकीतून बाहेर बघत वांग्यांचा भाव वाढल्याचं सांगत राहिली. मी परत येताना गाणं गुणगुणत होते हे मला तिने सांगितल्यावर कळलं.

संध्याकाळी भावोजींचा फोन आला. बातमी नवऱ्याने दिली असणार.

"घेतली म्हनं गाडी?"

"व्हय."

"बघितली कोनी?"

"मी."

"ते झालं वयनी, पन बघितली कोनी?"

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

एक तारखेला नवरा माझ्याही आधी उठून तयार. पहिलाच दिवस आहे, सोबत येतो, रजा टाकलीय, असं म्हणून तो गाडीजवळ जाऊन उभा राहिला; सवयीने उजव्या दाराशी. मी किल्ली घेऊन आले आणि उभी राहिले. थोड्या वेळाने तो पलीकडे गेला. वडखळपर्यंत त्याने आपल्या बाजूचा ब्रेक इतक्या वेळा दाबला की तिथे ब्रेक असता तर आम्ही अजून वडखळलाच असतो. "डावीकडे घे. ट्रक. ट्रक आहे. हॉर्न दे. अगं, पुढचा इंडिकेटर..." नागोठण्याला मी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, उतरायचंय का? मग तो गप्प झाला. खिंडीत वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता. वळणावर समोरून बस आली, मी दुसऱ्या गियरवर आले, बस गेली, मी निघाले. खिंड उतरून मी शेजारी बघितलं तर तो झोपला होता, तोंड उघडं टाकून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने माझी एवढी मोठी तारीफ आधी कधी केली नव्हती.

लॅबसमोर गाडी लावली तेव्हा उजाडत होतं आणि मी वेळेच्या आधी होते. तो जागा झाला, डोळे चोळले, उतरला, गाडीला एक फेरी मारून बघितलं आणि हात पुढे केला.

"दे किल्ली. संध्याकाळी घ्यायला येतो."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

त्याने पर्सकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. "अगं, मग मी परत कसा जाऊ?"

"महिनाभर मी जशी येत होते," मी म्हटलं, "तसे जा."

मग स्टेशन कुठल्या बाजूला ते त्याने मला विचारलं. मी सांगितलं आणि आत गेले. बाकावर माणसं उपाशी बसली होती.